टायर मोठे का घेतले

रेखा,

तेरवीला आलेली माणसं आपापल्या गावी गेली. दिलीप अजून इथेच आहे, पण बायको गेलेला माणूस घरात असतो तसा आहे, म्हणजे असून नसल्यासारखा. तुमची लेक पिंकी तुझ्या साड्यांच्या घड्या घालते, मोडते, परत घालते. आणि मी ओसरीवर बसून तुझ्याशी बोलतो आहे. तू असताना हे मला कधी जमलं नाही. आपण सासरा आणि सून, त्यात तुझी सासू गेल्यावर घरात दोघंच. दिलीप तिकडे तेलंगणात मशीन चालवायला, पिंकी चंद्रपूरला होस्टेलवर. आपलं बोलणं म्हणजे जेवण वाढू का, गोळी घेतली का, बैलांना पाणी दाखवलं का. त्यापलीकडे आपण एकाच गोष्टीवर बोललो, आणि तेही भांडलोच. जीपचे टायर.

दोन पावसाळे मी तुला म्हणत राहिलो की हे मोठे टायर घेऊन तू चूक केलीस. गाडी उंच झाली, चढताना माझे गुडघे दुखतात. डांबरी रस्त्यावर टायर गुणगुणतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. स्टिअरिंग जड झालं. जीप कमी आणि ट्रॅक्टर जास्त दिसते. यातलं काही खोटं नव्हतं, पण माझ्या भांडणाचं कारण यातलं एकही नव्हतं. माझं कारण मला तोंडाने म्हणता येत नव्हतं. परवा ते मी साऱ्या पंगतीसमोर म्हणून बसलो. ते कसं झालं ते सांगतोच. पण त्याआधी, जे तुला आणि मलाच ठाऊक होतं ते एकदा तुला सांगू दे. तुझ्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही, आणि माझ्या तोंडून तू.

मी कसा माणूस होतो ते तुला माहीत आहे. जिवतीच्या पहाडावरच्या या गावात आयुष्यभर पोस्टाचं काम केलं. शेती होती, पण लोक मला शेतकरी म्हणून ओळखत नाहीत, पोस्टमास्तर म्हणूनच ओळखतात. नीळ दिलेलं धोतर, पांढरी टोपी, पायात चप्पल. दवाखान्यात जायचं असलं तरी दाढी करून जाणारा मी. तू या घरात आलीस तेव्हापासून तुझ्यासमोर मी कधी उघड्या अंगाने बसलो नाही. तूही ओसरीवर येताना डोक्यावर पदर घेऊनच आलीस.

मग दिलीपने गडचांदूरपर्यंत सवाऱ्या मारायला ती जुनी जीप घेतली आणि वर्षभरात तिकडच्या नोकरीवर निघून गेला. जीप कडुनिंबाखाली उभी. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या वावरात तू ती चालवायला शिकलीस, पदर कमरेला खोचून. गावात हसले. मलाही आवडलं नव्हतं. पहिलं वर्षभर मी तुझ्या बाजूच्या सीटवर बसलो नाही, मागे बाकड्यावर बसायचो, म्हणजे रस्त्यातल्या माणसाला वाटावं की सवारी आहे. बाजाराच्या दिवशी कोलामांच्या वस्तीवरच्या, त्या गुड्यावरच्या बाया तुझ्या जीपने खाली जायला लागल्या, आणि हळूहळू गावाचं हसणंही थांबलं.

मग तो श्रावण आला. माझी लघवी अडली.

सकाळपासून अडली होती. सांगणार कोणाला? घरात तूच. मी लोटा घेऊन परसात जायचो आणि तसाच परत यायचो. तू दोनदा विचारलंस, "मामाजी, पोट दुखून राह्यलं का?"

"काही नाई. हवा धरली असन."

दुपारपर्यंत मला बसवेना, उभं राहवेना. घामाने अंगरखा भिजला. तू दारात येऊन उभी राहिलीस. पदर डोक्यावर होता, पण पहिल्यांदाच तू सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलंस.

"मामाजी, सकाळपासून लघवीले झाली का?"

सुनेने सासऱ्याला हा प्रश्न विचारायचा. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यावरून तू समजलीस. गावातली माणसं निंदणाला गेलेली, फोनला रेंज नाही, आणि त्या पावसात खालून गाडी बोलावली असती तरी ती वर यायला संध्याकाळ झाली असती. तू जीपच्या मागच्या भागात गोधडी अंथरलीस, मला खांद्याला धरून आणलंस आणि निघालीस.

घाट उतरला की नाला. पूर ओसरला होता, पाणी गुडघाभरच होतं, पण पाण्याखालच्या रपट्यावरची, म्हणजे गाडीवाटेवरची, माती वाहून गेली होती आणि दगड उघडे पडले होते. अर्ध्यात पोचलो आणि खालून दण्णकन आवाज आला. मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा दगडावर बसला. चाकं नुसती फिरत राहिली. तू उतरलीस, पाण्यात वाकून गाडीखाली हात घातलास, चाचपून पाहिलंस.

"दोन बोटांसाठी अडली, मामाजी," तू म्हणालीस. "दोनच बोटं वर असती तं निघून गेली असती."

मी ऐकलं, पण मला त्याचं काही नव्हतं. मी ओरडत होतो. रेखा, या वयात मी आईला हाका मारत होतो. त्या दणक्याने पोटात असा काही ताण आला की व्हायला नको ते सगळं झालं, आणि जे व्हायला पाहिजे होतं ते झालंच नाही. धोतर घाण झालं. गोधडी घाण झाली. तू जॅक काढायला मागे आलीस आणि तुला कळलं.

"तू तिकडं जा," मी म्हणालो. "माह्याकडं पाहू नोको."

तू गेली नाहीस. मान दुसरीकडे वळवलीस, पण माझ्या काखेखालचा हात काढला नाहीस. नाल्याच्या पाण्याने तू मला धुतलंस. धोतर पाण्यात सोडून दिलंस. काच पुसायला सीटखाली ठेवलेली तुझी जुनी साडी काढलीस, झटकलीस, आणि मला गुंडाळलीस. मग पुन्हा पाण्यात उतरून जॅक लावलास, चाकाखाली दगड भरलेस, आणि गाडी काढलीस. गडचांदूरच्या दवाखान्यात मी तुझ्या फुलाफुलांच्या साडीत गेलो. कंपाउंडर एकदा माझ्याकडे बघून मग दुसरीकडे बघायला लागला, ते मला अजून दिसतं.

डॉक्टरांनी नळी टाकली. पुढे चंद्रपूरला ऑपरेशन झालं. मधल्या दिवसांत लघवीची ती पिशवी तूच रिकामी करत होतीस, सकाळ-संध्याकाळ, भांडी घासावीत इतक्या सहज. मी डोळे मिटून पडायचो, म्हणजे झोपलो आहे असं तुला वाटावं. तुला तसं वाटत नव्हतं हे मला कळायचं. गावात तू सांगितलंस, मामाजीचं पोट बिघडलं होतं. दिलीपला फोनवरही तेच सांगितलंस.

कापूस निघायच्या सुमाराला मी हिंडू-फिरू लागलो, आणि एक दिवस जेवण वाढता वाढता तू म्हणालीस, "मामाजी, गाडीले टायर मोठे लावाचे आहेत."

"काऊन? आहेत ते घासले का?"

"घासले नाई. पण गाडी वर उचलली पाह्यजे."

"काही गरज नाई."

मला काय वाटलं होतं ते आज सांगतो. मला वाटलं, मोठे टायर लागले की येणारा-जाणारा विचारणार, का लावले? आणि तू सांगशील. किंवा सांगणार नाहीस, पण तुझ्या डोळ्यांसमोर तो नाला येईल. त्या टायरांकडे कोणी पाहिलं की मला मी दिसणार होतो, तुझ्या साडीत. अंगणात रोज उभी असणारी ती माझी बेअब्रू. म्हणून मी नको म्हणत होतो, आणि गुडघे, आवाज, स्टिअरिंग अशी कारणं देत होतो.

तू ऐकलं नाहीस. माझं तू एरवी सगळं ऐकायचीस.

राजुऱ्याला रहीमभाईंच्या टायरच्या दुकानात आपण दोघं गेलो. तू मला कशाला नेलंस हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मला घरी ठेवून घेतले असते तर माझ्या पाठीमागे घेतल्यासारखं झालं असतं, ते तुला नको होतं. रहीमभाईंनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "देखो बाई, इस गाडीले दोन परकारचे मोठे बसतात. एक नंबर मोठा घ्या, नाई तं दोन नंबर मोठा घ्या. कितीक वर उचलाची आहे?"

"दोन बोटं," तू म्हणालीस.

त्या दिवशी पाण्यात हात घालून तू मोजलेली ती दोन बोटं. तू ती विसरली नव्हतीस, आणि मी चार हातांवर बसलेला असताना ती तू परक्या माणसाला सांगितलीस.

रहीमभाई हसले. "दोनच बोटं काऊन? कुठी फसली होती का गाडी?"

मी रस्त्याकडे पाहू लागलो. आता सगळं बाहेर येणार, मला वाटलं.

"कापसाचे गठ्ठे भरले का गाडी खाली बसते जी," तू म्हणालीस. "घाटात खालून लागते."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. आवाजही बदलला नाहीस. आणि लगेच कामाचं बोलायला लागलीस. रहीमभाईंनी सांगितलं की टायर चार बोटं उंच घेतला तर गाडी दोन बोटंच उचलते, कारण चाकाचा मधला भाग तेवढाच वर जातो. बाकीची दोन बोटं टायर वर मडगार्डकडे खातो. तू स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलंस, खाली उतरून टायर आणि मडगार्डच्या मधे आपला हात आडवा घालून पाहिलास, मग दुसऱ्या बाजूला वळवून तसंच पाहिलंस.

"गाडी भरली का हे अंतर कमी होईन ना?"

"होईन ना. म्हणून म्हणतो, दोन नंबर मोठा घेतला तं चाकावरच्या कमानी, त्या स्प्रिंगा, उंच कराव्या लागन. अन् इंजिन तुमचं जुनं. घाटात दम लागन गाडीले, पहिल्या गिअरवरच राहा लागन. ब्रेक बी उशिरा लागते. पण दिसाले झकास दिसन, गावात नाव होईन."

"नावाचं काय करू? घाट चढली पाह्यजे."

तू बराच वेळ विचार केलास. मला वाटलं आता मोठ्यातला मोठाच घेशील, एवढं माझ्याशी भांडून आलीस तर. पण तू एकच नंबर मोठा घेतलास, दोन बोटांना तेवढा पुरत होता. मग नक्षीवरून घोळ. खोल नक्षीचा, मोठ्या रबरी ठोकळ्यांचा टायर चिखलात चांगला, पण डांबरावर आवाज करतो आणि लवकर घासतो. साध्या नक्षीचा रस्त्यावर चांगला, पण ओल्या चढावर सरकतो. तू मधल्या प्रकारचा निवडलास. आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची पाहिजे म्हणून अडून बसलीस. रहीमभाई म्हणाले, स्टेपनी जुनी राहू द्या, कामापुरती चालते. तू म्हणालीस, "कामाच्याच वेळेस दोन बोटं कमी पडली तं?"

चार चाकं बसल्यावर तू जीप दुकानासमोरच्या गतिरोधकावरून तिरपी नेलीस, चाक पूर्ण वळवून, कुठे घासतं का ते ऐकत. मी फुटपाथवर उभा होतो. बघणाऱ्या एकाने मला विचारलं, "ड्रायव्हर ठेवली का बाई?" मी म्हणालो, "सून आहे माही." पहिल्यांदा मी ते मोठ्याने म्हणालो, रेखा. तू ऐकलं नाहीस, काच बंद होती.

परतीच्या वाटेवर नाल्यात तू गाडी थांबवलीस. नेमकी त्या दगडावर. उतरून वाकून पाहिलंस. मी डोळे मिटून घेतले. तू परत येऊन बसलीस आणि एवढंच म्हणालीस, "लागत नाई आता."

त्यानंतर गावाने विचारलंच. एकाला तू कापसाचं सांगितलंस. दुसऱ्याला सांगितलंस, जुन्या मापाचे टायर मिळाले नाहीत. तिसऱ्याला हसून म्हणालीस, शौक आहे जी. मी ओसरीवर बसून ते सगळं ऐकत होतो, आणि प्रत्येक वेळी हायसं वाटायचं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. कारण शौक म्हणालीस तेव्हा लोक तुला हसले, आणि ते हसणं माझ्या वाट्याचं होतं. त्याच संध्याकाळी मी पुन्हा टायरवरून कटकट केली. चढता येत नाही म्हणालो. चार दिवसांनी लोहाराकडून तू डाव्या बाजूला लोखंडी पायदान जोडून आणलंस. मला म्हणालीस, बाजाराच्या बायांसाठी लावलं. बाया मागून चढत होत्या, रेखा. डाव्या बाजूला पुढे मीच बसायचो.

यंदा दसऱ्याच्या आधी तुला ताप आला. तू कापसात जातच राहिलीस. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी चूल पेटवताना तू मान वर केलीस आणि मला तुझे डोळे पिवळे दिसले. मी म्हणालो, दवाखान्यात चल. तू म्हणालीस, हो, आज जाऊ. आणि किल्ली घेऊन तूच स्टिअरिंगवर बसलीस.

"थांब, मी कोणाले बोलावतो चालवाले," मी म्हणालो.

"कोणाले बोलावता मामाजी? सारे वावरात आहेत. बसा तुमी."

मी बसलो. आजारी माणूस गाडी चालवतो आणि धडधाकट माणूस बाजूला हातात पाण्याची बाटली घेऊन बसतो. घाटात तू दोनदा थांबलीस, दाराबाहेर वाकून ओकलीस, चूळ भरलीस, पुन्हा गिअर टाकलास. मी बाटली धरण्यापलीकडे काही करू शकलो नाही. नाला आला. यंदाही दगड उघडे पडले होते. गाडी न लागता, न अडखळता निघून गेली.

"पाहा," तू म्हणालीस. आवाज बारीक झाला होता, पण तू हसलीस. "लागलं का कुठी?"

तीच वेळ होती. आपण दोघंच, तोच नाला. मला म्हणायचं होतं की त्या दिवशी तू होतीस म्हणून मी वाचलो. म्हणायचं होतं की तुझे टायर बरोबर होते, मीच तोंड लपवत होतो. शब्द तोंडापर्यंत आले होते.

"नाई लागलं," मी म्हणालो. "हळू चालव."

दवाखान्यासमोर तू जीप नीट कडेला लावलीस, हँडब्रेक ओढलास, किल्ली माझ्या हातात दिलीस, आणि उतरताना पडलीस.

गडचांदूरहून चंद्रपूरला ॲम्ब्युलन्सने नेलं. कावीळ डोक्यात चढते आहे, डॉक्टर म्हणाले. दिलीपला कळवलं, तो निघाला. पिंकी परीक्षेचा पेपर अर्धा टाकून आली, पण तिला आत सोडत नव्हते, एकाच माणसाला परवानगी होती, आणि तो एक माणूस मी होतो. तू मधूनच शुद्धीवर यायचीस. त्या दुपारी नर्सने चादर बदलायला घेतली. तुझे कपडे खराब झाले होते. नर्स एकटी होती. ती मला म्हणाली, "बाबा, जरा धरता का यांना?"

तू डोळे उघडलेस. "मामाजी, तुमी बाहीर जा," तू म्हणालीस.

मी गेलो.

एवढंच झालं, रेखा. मी लगेच गेलो. दुसऱ्यांदा म्हणायचीही वेळ तुझ्यावर येऊ दिली नाही. बाहेर बाकावर बसलो आणि स्वतःला सांगितलं, सुनेची लाज राखली पाहिजे. मनात मात्र सुटल्यासारखं वाटलं. काही वेळाने आत धावपळ ऐकू आली, दुसरी नर्स पळत गेली, डॉक्टर गेले. मला आत बोलावलं तेव्हा तू गेली होतीस. चादर स्वच्छ होती.

परवाच्या तेरवीचं सांगतो म्हणालो होतो. पंगत बसली होती. कोरपन्याहून आलेले तुझे मामा अंगणातल्या जीपकडे बघत होते. ते म्हणाले, "इतके मोठे टायर काऊन लावले होते जी पोरीनं?"

कोणी म्हणालं, कापूस न्यायला. कोणी म्हणालं, जुन्या मापाचे भेटत नव्हते. मग एकजण पानावरून मान न उचलता म्हणाला, "शौक होता बाईले," आणि दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नाही हसले. पण मी वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"शौक नव्हता," मी म्हणालो. "माही लघवी अडली होती. नाल्यात गाडी दगडावर बसली. मी गाडीत घाण केली, तिनं मले धुतलं, अन् आपलं लुगडं नेसवून दवाखान्यात नेलं. पुन्हा कोणाले नेताना गाडी अडू नये म्हणून टायर मोठे घेतले."

दिलीप माझ्याकडे बघत राहिला. दोन वर्षं जे झाकून ठेवलं ते उघडं झालं, आणि आता हे लोक माझ्याकडे पोस्टमास्तर म्हणून कसे पाहतील, हाच विचार पहिला आला. तुझा नंतर आला. हेही तुला सांगितलं पाहिजे.

पंगतीच्या शेवटाला गुड्यावरचा म्हातारा लच्चुदादा बसला होता. तो कोणाच्या घरी सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "मलेबी तिनं तसंच नेलतं, मास्तर. गेल्या पावसाळ्यात. मले हगवण लागली होती, उभं राहाचं त्राण नोव्हतं. गाडीत सारी घाण झाली. मी म्हटलं बाई, तू दूर हो. तं मले म्हणे, दादा, मी दूर झाली तं तुमाले धरन कोण?"

मग त्याने खाली पाहून भात कालवायला घेतला.

मला वाटत होतं की ते एवढं मोठं गुपित फक्त माझंच होतं. तू मनात ते धरून बसली असशील, माझ्याकडे बघताना तेच आठवत असशील, असं मानून मी दोन वर्षं तुझ्याशी नजर चोरत राहिलो. आणि तू तर पुढच्या माणसाला न्यायला निघून गेली होतीस. लच्चुदादाचं तू मला सांगितलं नाहीस, जसं माझं त्याला सांगितलं नाहीस.

पण रेखा, मला झोप येऊ देत नाही ते दुसरंच आहे. तू दूर हो असं त्याने म्हटलं, मीही म्हटलं. तू एकदाही झाली नाहीस. मला तू एकदाच बाहेर जा म्हणालीस, आणि मी गेलो.

आज दुपारी पिंकी तुझी ती बाजारातली हिरवी साडी मांडीवर घेऊन माझ्याजवळ आली. तिला आत सोडलं नव्हतं, त्यामुळे तुझा शेवट तिने पाहिला नाही. ती म्हणाली, "आबा, शेवटी आईले कोणी धरलं होतं? तुमीच होते ना जवळ?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं.

"नाई बेटा," मी म्हणालो. "नर्सनं मले बोलावलं होतं धराले. तुह्या आईनं बाहीर जा म्हटलं, अन् मी गेलो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, उठून जाईल. मी मान खाली घातली, कारण ती गेली असती तरी मी तिला थांबवू शकत नव्हतो. मग तिने साडी बाजूला ठेवली, आणि सरकून माझ्या शेजारी बसली.